पोळलेल्या कातडीवर बेस बसत नाही

फेब्रुवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी माझी भाची पार्लरच्या दारात येऊन उभी राहिली, तोंडावर ओढणी धरून. शुक्रवारी तिचा साखरपुडा. सकाळी दोघं महेश्वरला फोटो काढायला गेले होते. अकरा ते दोन घाटावर, मग होडीत. ओढणी काढली तर डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराचे दोन उजळ डाग आणि बाकी तोंड तांबूस काळं, तव्यावर ठेवल्यासारखं तापलेलं.

"मावशी, ऊन नव्हतंच गं! नर्मदेवर इतका गार वारा होता, मी तर शाल घेऊन बसले होते."

पंचवीसेक वर्षं इंदूरमध्ये पार्लर चालवतेय, आणि हे वाक्य दरवर्षी कुणी ना कुणी ऐकवतंच. मे महिन्यात आपल्याकडे कुणी बेसावध नसतं. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत माणूस आपणच भिंतीच्या कडेने चालतो. फसतो तो फेब्रुवारीत, किंवा ऑगस्टच्या ढगाळ दिवसात, कारण आपण उन्हाचं माप अंगाला लागणाऱ्या झळेवरून घेतो. पण झळ वेगळी आणि कातडी पोळणारा प्रकाश वेगळा.

सूर्याकडून जे येतं त्याचे ढोबळ तीन वाटे करा. एक दिसणारा उजेड. दुसरा अवरक्त, तो आपल्याला उष्णता म्हणून जाणवतो. तिसरा अतिनील, तो दिसतही नाही आणि जाणवतही नाही, आणि पोळतो तोच. नर्मदेवरच्या वाऱ्याने कातडी गार ठेवली, पण अतिनील किरणांना वारा अडवत नाही. उलट नुकसान झालं, कारण चटका बसला असता तर पोरगी सावलीत सरकली असती.

या अतिनील किरणांतही आपल्या कामाचे दोन प्रकार आहेत. यूव्हीबीची तरंगलांबी 280 ते 315 नॅनोमीटर, यूव्हीएची 315 ते 400. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनीलमध्ये सुमारे 95 टक्के यूव्हीएच असतो. यूव्हीबी थोडा, पण जहाल. तो कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींच्या डीएनएवर थेट घाव घालतो. मग शरीर दुरुस्तीला लागतं, तिकडचा रक्तपुरवठा वाढवतं, म्हणून लाली आणि आग. ज्या पेशी दुरुस्तीपलीकडे गेल्या त्या स्वतःच मरतात, आणि त्याच पुढे पापुद्रा होऊन निघतात. हे सगळं लगेच होत नाही, तीच मोठी गोची. लाली यायला तीन ते सहा तास लागतात आणि कहर होतो बारा ते चोवीस तासांनी. म्हणजे होडीतून उतरताना तोंड ठीकच होतं. खरं रूप सोमवारी सकाळी दिसणार होतं.

यूव्हीए जास्त खोल जातो. सुरकुत्या आणि डाग यांत त्याचा हात मोठा, आणि तो साध्या काचेतूनही बऱ्यापैकी आत येतो. यूव्हीबी काचेला अडतो. म्हणून गाडीच्या बाजूच्या खिडकीशी रोज तासभर बसणाऱ्याचं तोंड पोळत नाही, पण वर्षभरात एक गाल दुसऱ्यापेक्षा काळवंडलेला दिसतो. पुढची मोठी काच दुपदरी असते, ती यूव्हीए बराच रोखते. बाजूच्या साध्या काचेला ते जमत नाही.

मराठीत यासाठी दोन छान शब्द आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो: रापणं आणि पोळणं. शेतकरी रापतो, कारण हळूहळू, रोजच्या उन्हाने मेलॅनिन, म्हणजे कातडीतलं रंगद्रव्य, वाढतं आणि ते थोडीफार छत्री धरतं. एका दिवसात वर्षभराचं ऊन घेतलं की कातडी पोळते. मात्र रापणंसुद्धा फुकटात होत नाही. पेशींना मार बसला म्हणूनच ते मेलॅनिन बनलेलं असतं.

"आपण सावळे, आपल्याला कुठला सनबर्न!" हे तर घराघरात ऐकू येतं. गडद कातडीला जन्मतःच थोडं संरक्षण असतं हे खरं. अगदी काळ्या कातडीलाही ते साधारण एसपीएफ (सनस्क्रीनवर असतो तो संरक्षणाचा आकडा) 13 इतकंच मोजलं गेलंय, आणि आपण गहू-सावळे तर त्याहून खाली. फरक एवढाच की आपल्या रंगावर लाली पटकन दिसत नाही. म्हणून मी बघत नाही, हात लावते. मनगटाची मागची बाजू गालाला टेकवायची आणि मग कानामागे. गाल कानामागच्यापेक्षा गरम लागला आणि कातडी ताणल्यासारखी वाटली, तर पोळलंय. गोऱ्या लोकांची लाली बहुतेकदा डाग न ठेवता उतरते. आपल्याकडे लालीच्या जागी डाग बसतो, आणि तो महिनेन् महिने राहतो. त्यामुळे आपणही जपायलाच हवं.

भाचीने फोनवर फोटो दाखवले. फोटो सुंदरच होते, पण माझी नजर गेली खालच्या फरशीवर. तिची सावली जेमतेम कमरेच्या वर येईल एवढी. मी म्हटलं, "हे बघ, उत्तर तुझ्या पायाशीच पडलंय."

सगळ्या मोबाइल अ‍ॅपपेक्षा मला हे माप आवडतं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर अतिनील जोरात आहे. लांब असेल तर तिरपा सूर्य जास्त हवेतून गाळून येतोय. आकड्यातच हवं असेल तर हवामानाच्या अ‍ॅपवर यूव्ही इंडेक्स असतो. 3 च्या वर गेला की काळजी घ्यायची, 8 च्या वर फार जास्त, 11 आणि पुढे टोकाचा. आपलं इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली गायब होते. शिवाय आपली खरी दुपार घड्याळात बाराला होत नाही, ती होते साधारण बारा पंचवीसला. म्हणून "अकरा ते तीन बाहेर नको" म्हणते तेव्हा त्यातली तीनची वेळ मला जास्त महत्त्वाची वाटते. अडीच वाजता पोरी म्हणतात आता ऊन कललं. अजून कुठे कललंय?

पाण्याबद्दलही एक गैरसमज आहे. पाण्यावरून किरण उलटून तोंडावर आले, असं भाचीचे सासरे म्हणत होते. पाणी अतिनील किरण दहा टक्क्यांहून कमी परत फेकतं. वाळू पंधराएक टक्के आणि ताजा बर्फ तब्बल ऐंशी, म्हणून मनालीहून येणाऱ्यांची नाकं सोललेली असतात. होडीत खरी अडचण असते मोकळ्या आभाळाची. अतिनील किरण हवेत विखुरतात आणि सगळ्या आकाशातून येतात, त्यामुळे शालीखाली बसूनही समोर आभाळ उघडं असेल तर तोंडाला मिळायचं ते मिळतंच. आणि पाण्यात उतरून सुटका नाही. अर्धा मीटर खोलवरही वरच्यापैकी सुमारे चाळीस टक्के अतिनील पोचतो.

आता स्कार्फ. इंदूरच्या स्कूटीवाल्या पोरी बघून बाहेरगावचे पाहुणे दचकतात, फक्त डोळे दिसतात म्हणून. मला त्या पोरींचं कौतुक आहे. कातडी झाकणं हा कुठल्याही क्रीमपेक्षा भरवशाचा उपाय. फक्त कापड बघून घ्या. राजवाड्याच्या बाजारात मिळतो तो पातळ पांढरा सुती स्कार्फ उजेडाकडे धरा. पलीकडची बोटं दिसली, तर किरणही जातायत. साध्या पातळ पांढऱ्या सुती कापडाचं संरक्षण पाच-सातच्या घरात असतं, आणि ओलं झालं की आणखी घटतं. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड घ्या किंवा त्याचीच दुहेरी घडी करा. जीन्सचं कापड तर भिंतच, पण ते कोण तोंडाला बांधणार! आणि कोपरापर्यंत गोरे, पुढे काळे असे दुरंगी हात दिसतात ना, ते हातमोजे गाडीच्या डिकीत राहिल्याचा पुरावा.

सनस्क्रीनकडे येते. इथे लोकांचे पैसे जातात आणि उपयोग होत नाही.

एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीपुरता, पोळण्यापुरता. एसपीएफ 30 म्हणजे पोळवणाऱ्या किरणांचा तिसावा हिस्सा आत जातो, सव्वातीन टक्के. एसपीएफ 50 म्हणजे पन्नासावा, दोन टक्के. 30 पासून 50 पर्यंतची उडी नावापुरती मोठी. यूव्हीएसाठी डबीवर 'पीए' आणि पुढे अधिकची चिन्हं असतात, एक ते चार. तीन किंवा चार बघून घ्या.

हा आकडा प्रयोगशाळेत ठरतो तेव्हा कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरवर दोन मिलिग्रॅम क्रीम लावलेलं असतं. एका तोंडाचा हिशेब करा. साधारण पाचशे चौरस सेंटिमीटर धरले तर एक ग्रॅम. मान आणि कान धरून दीड. म्हणजे पन्नास ग्रॅमची ट्यूब तेहतीस वेळा लावून संपायला हवी. रोज एकदाच लावली तरी जेमतेम महिनाभर. माझ्याकडे येणाऱ्या बायका म्हणतात, "ताई, ती दिवाळीची ट्यूब अजून चाललीय." मग ती लागतच नाहीये. आपण सहसा मापाच्या पाव ते निम्मंच लावतो, आणि तेवढ्यात डब्यावरच्या 50 चा खरा भाव फार खाली येतो.

वजनकाटा कोण काढणार, म्हणून बोटांचं माप. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढायची. एवढं तोंड आणि मान यांना. पहिल्यांदा बघितलं की सगळ्यांना वाटतं, अगंबाई, हे काय श्रीखंड आहे का! एकदम जिरत नाही. एक बोट लावा, दोन मिनिटं थांबा, मग दुसरं. कान, मानेची मागची बाजू, केसांचा भांग आणि ओठ या विसरायच्या जागा. दर दोन तासांनी परत, घाम पुसला तर लगेच.

जस्त किंवा टायटॅनियमवाली क्रीम आपल्या रंगावर पांढरट राख फासल्यासारखी दिसतात. त्यासाठी टिंट असलेली घ्यावी. त्यातला रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो, आणि तो दिसणारा उजेडही थोडा अडवतो. ज्यांना वांग आहेत त्यांना हे महत्त्वाचं, कारण सावळ्या कातडीवरचे वांग नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात.

आता त्या रविवारी परत. घरी पोचल्या पोचल्या ताईने, म्हणजे भाचीच्या आईने, तिला बेसन-लिंबाचं उटणं लावून दिलं होतं! लिंबाच्या रसात अशी द्रव्यं असतात जी कातडीवर राहिली आणि वर ऊन पडलं तर त्याच जागी फोड आणि काळे डाग उठवतात. आणि पोळलेल्या कातडीवर लिंबू, बेसनाची रवाळ घासणी, टूथपेस्ट, बर्फ हे सगळं जखमेवर मीठ. आधी मी ते धुऊन काढलं. मग माठातल्या पाण्यात भिजवलेलं मऊ सुती फडकं पंधरा मिनिटं, दर थोड्या वेळाने बदलत. कातडी ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. भरपूर पाणी. कोरफड चालते, पण कुंडीतलं पान तोडून सरळ चोळू नका. सालीलगतचा पिवळा चीक निथळू द्या, तोही आग करतो. फोड आले, ताप किंवा उलटी झाली, डोळे सुजले, तर पार्लरवालीकडे नाही, डॉक्टरकडे.

मग भाचीने विचारलं, "मावशी, उद्या ब्लीच करून घेऊ का? निदान फेशियल?" नाही म्हणजे नाही. ब्लीच, फेशियल, वॅक्स, स्क्रब, थ्रेडिंगसुद्धा नाही. रात्री लावायचं रेटिनॉलही बंद. पोळलेल्या कातडीची वरची भिंत पडलेली असते. माझ्याकडेही डी-टॅनचा पॅक आहे, पैसेही घेते, तरी सांगते: तो वरची मृत कातडी आणि लव उजळ करतो, खालचं मेलॅनिन त्याने जात नाही. वरचा थर बदलायला चारेक आठवडे लागतात, आणि रापलेलं उतरायला त्याहून जास्त. आणि मैत्रिणीने सांगितलेलं "गोरं करणारं" मलम तर लांबच ठेवा. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. 2018 साली सरकारने अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीच्या यादीत टाकली, तरी लोक औषधाच्या दुकानातून तशीच आणतात. आठ दिवस तोंड चमकतं, मग कातडी पातळ होते, लाल राहते, आणि मलम सोडलं की आणखी पेटते.

मंगळवारपर्यंत आग गेली. गुरुवारी नाकाच्या शेंड्यावर आणि गालांवर पापुद्रे सुटायला लागले, अगदी वेळापत्रकाप्रमाणे.

माझी एक जुनी चूक इथे सांगते. पार्लर काढून दोन-तीन वर्षं झाली होती. अशीच एक सोललेली नवरी आली. मी घाबरून जास्त बेस लावला आणि वर पावडर थापली. बाराच्या मुहूर्ताला तिचं नाक पोपडे आलेल्या भिंतीसारखं दिसत होतं. फाउंडेशन पापुद्र्याच्या कडेला साठतं आणि पावडर तिथली ओल शोषून कडा आणखी उभ्या करते. जितकं झाकाल तितकं दिसतं.

शुक्रवारी म्हणून उलटं केलं. सकाळी सातला, पापुद्रे न ओढता, मॉइश्चरायझरचा जाड थर लावून पंधरा मिनिटं तिला कॉफी प्यायला बसवलं. नाकावर व्हॅसलीनचं बोट, नुसतं टेकवून. मग टिश्यू दाबून जादाचं टिपून घेतलं. पापुद्रे मऊ होऊन खाली बसले. सगळं नवं आधी जबड्याखाली लावून दहा मिनिटं बघितलं, चुरचुरलं असतं तर तिथेच थांबले असते. मग सनस्क्रीन, पूर्ण दोन बोटं, कारण साखरपुडा लॉनवर आणि तोही सकाळी अकराचा. ते बसायला पंधरा मिनिटं. घाईने वर बेस लावला की सनस्क्रीनचे गोळे सुटतात आणि दोन्ही वाया जातं.

बेसमध्ये एसपीएफ 20 लिहिलेलं असतं ना, त्यावर विसंबू नका. तेवढं संरक्षण मिळवायचं तर फाउंडेशनही दोन बोटं लावावं लागेल. तसं तोंड घेऊन कोण मांडवात जाईल?

काळवंडलेल्या भागावर सरळ उजळ कन्सीलर लावला तर राखाडी दिसतो. आधी केशरी किंवा पीच करेक्टर, अगदी नखाएवढा, बोटाच्या उबेने टेकवत. अजून लाल असलेल्या जागी जरासा हिरवा. मग क्रीमचा पातळ बेस, ओला स्पंज पिळून, थापटत. ओढायचं नाही, ब्रश तर नकोच, त्याचे केस पापुद्रा उचलतात. ब्लशही क्रीमचा. पावडर फक्त कपाळावर आणि हनुवटीवर, नाकाला नाही. चमकीवाला हायलायटर टाळला, चमक प्रत्येक खवला दाखवते.

शेड निवडताना खरी कसोटी. तोंड दोन शेड गडद, गळा नेहमीचा, हात तिसऱ्याच रंगाचे. मनगटावर शेड लावून बघायची सवय इथे फसवते. मी गळ्याखालच्या, ब्लाउजच्या गळ्यातून दिसणाऱ्या कातडीशी जुळवून, त्याहून अर्धी शेड गडद घेतली आणि जबड्यापासून मानेवर उतरवत नेली. हातांना मेकअप केला नाही, पैठणीला डाग लागले असते. ब्लाउज कोपरापर्यंतचा होता, त्याने निम्मं काम केलं. शेवटी खोलीतले दिवे मालवून फोनच्या फ्लॅशने फोटो काढला. सनस्क्रीन आणि पावडरचा पांढरा झाक कधीकधी फ्लॅशमध्येच उघडा पडतो, मग तोंड वेगळं आणि गळा वेगळा. यावेळी नव्हता. गॉगलचा डाग मात्र डाव्या डोळ्याच्या कडेला किंचित राहिलाच, अल्बममध्ये बारकाईने बघितलं तर दिसतो.

मेकअपवर परत सनस्क्रीन कसं लावायचं, हे विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. तेल टिपून घ्यायचं, स्पंजवर क्रीम घेऊन दाबत लावायचं. जमतं, पण सुबक होत नाही. स्प्रे आणि पावडरने पुरेसा थर बसत नाही. मी तिच्या आत्याच्या हातात छत्री दिली आणि विधी झाले की पोरीला शामियान्यात बसवायला सांगितलं.

मग आली रंगपंचमी. राजवाड्याची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, भर दुपारी तीन-चार तास उघड्यावर, आणि आपल्याकडे रंग चढू नये म्हणून तोंडाला खोबरेल चोपडायची पद्धत. तेलाने रंग लवकर निघतो हे खरं, पण ऊन अडत नाही. आधी सनस्क्रीन, ते बसलं की वर तेल, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि टोपी. आदल्या दिवशी भाचीला फोनवर हेच सांगत होते, तर मध्येच म्हणाली, "मावशी, ट्यूब संपली. कात्रीने कापून शेवटचं काढलं आज."

"कधी उघडली होतीस?"

"साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी."

मी बोटांवर दिवस मोजले आणि येताना दोन ट्यूब आणायला सांगितल्या, एक तिच्या आईसाठी.